'करून' म्हणजे कोणी करून?



पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळा आला की आंब्यांबरोबर व्याख्यानेही येतात. आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो संपावर, बोनसवर, फार तर किमान वेतनावर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "इंग्रजीतले हॅविंग." मंडळी जरा चपापली. त्यांच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "आप्पा, हा तर शाळामास्तरांचा विषय!" मास्तरांचा तो आहेच. पण मास्तरांच्या हातून सुटला म्हणजे तो कोणाच्या ताटात जाऊन पडतो, ते आम्ही पंचवीसतीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. इंग्रजी आम्ही शिकलो ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून. रद्दीच्या दुकानातून घेतलेली, पहिली काही पाने नसलेली अशी ती प्रत होती. त्यापुढचे इंग्रजी शिकलो ते चार्जशिटांवरून, शो-कॉज नोटिसांवरून आणि हिशेबाच्या पावत्यांवरून. या दुसऱ्या शाळेत परीक्षा आधी होते आणि धडा मागाहून मिळतो.

कोणी म्हणेल, आता सगळे मराठीत चालते, मग इंग्रजीचे काय अडले आहे? अर्ज मराठीत चालतो हे खरेच, आणि चाललाच पाहिजे. पण उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीत होते. खालचा मराठी कागद वर गेला की त्याचे भाषांतर होते, आणि भाषांतर करणारा आपल्या ओळखीचा नसतो. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना जमवले आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने फॅक्टरी कमिशनपुढे निवेदन ठेवले. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये. म्हणजे आपल्याकडची कामगार चळवळ घोषणेच्याही आधी कागदावर उभी राहिली. कागदाची भाषा आपल्याला आली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

आता मुद्द्याकडे येऊ. इंग्रजीत 'हॅविंग' आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले की एक शब्दसमूह तयार होतो. हॅविंग रिसीव्ह्ड म्हणजे मिळवून, हॅविंग रेड म्हणजे वाचून, हॅविंग गॉन म्हणजे जाऊन. दोन क्रिया आहेत, त्यांतली एक आधी पुरी झाली आहे, आणि मग दुसरी झाली, असे हा शब्दसमूह सांगतो. त्याच्या पोटात कर्ता नसतो. तो आपला कर्ता पुढच्या मुख्य वाक्यातून उसना घेतो. सगळी गोम या उसनवारीत आहे.

हिशेबाची पावती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कामावरून सुटताना मजुरापुढे छापील कागद येतो आणि त्यावर इंग्रजीत मजकूर असतो, 'हॅविंग रिसीव्ह्ड ऑल माय ड्यूज, आय हॅव नो फर्दर क्लेम.' माझे सर्व देणे मला मिळून चुकले असल्याने माझा आणखी कोणताही दावा नाही. व्याकरण पाहा, एक मात्राही चुकलेली नाही. मुख्य वाक्यात 'आय' आहे, म्हणजे मिळाले ते 'मला'च, सही करणाऱ्याला. आणि 'हॅविंग रिसीव्ह्ड' आहे, म्हणजे सही होण्यापूर्वीच मिळाले. प्रत्यक्षात काय होते? सही आज, पैसे पुढच्या महिन्यात, आणि तेही 'बघू'. व्याकरण शुद्ध आणि हकीकत खोटी असा हा कागद असतो. पुढे मजूर म्हणतो, मला ग्रॅच्युइटी मिळाली नाही. समोरचा वकील त्याच्याच सहीचा कागद त्याच्यापुढे धरतो.

एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, अशा बावीस पावत्या आमच्यासमोर सहीसाठी आल्या. आम्ही म्हटले, सही करतो, पण 'हॅविंग रिसीव्ह्ड' खोडा आणि 'ऑन रिसीट ऑफ' लिहा, म्हणजे 'मिळाल्यावर' असे होईल. पुढे आकडा घाला, धनादेशाचा क्रमांक घाला. तिथला अधिकारी हसून म्हणाला, अहो, दोन शब्दांनी काय फरक पडतो? आम्ही म्हटले, फरक पडत नसेल तर बदलायला हरकत कसली? दुपारपर्यंत शब्द बदलला नाही, पण धनादेश मात्र आले. धनादेश हातात पडल्यावर बावीस जणांनी त्याच 'हॅविंग रिसीव्ह्ड'वर सह्या केल्या, कारण आता ते वाक्य खरे झाले होते.

उसाच्या तोडणीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या आपल्या भागातल्या जोडप्यांच्या उचलीचेही असेच आहे. उचल घेण्याआधी 'घेऊन' असा कागद झाला की मुकादमाचा आकडा पक्का होतो. भाषा मराठी असो की इंग्रजी, 'ऊन' म्हणजे झालेली गोष्ट.

आता कर्ता हरवतो तो प्रकार पाहू. आमच्याजवळ असलेल्या कागदांत सर्वांत जास्त वेळा येणारे वाक्य असे आहे : 'हॅविंग कन्सिडर्ड युवर एक्स्प्लनेशन, इट वॉज फाउंड अनसॅटिस्फॅक्टरी.' आपल्या खुलाशाचा विचार करून तो असमाधानकारक आढळला. विचार कोणी केला? इंग्रजी वाक्याचा कर्ता 'इट' आहे, म्हणजे खुलासा. व्याकरणाप्रमाणे अर्थ लावला तर खुलाशानेच खुलाशाचा विचार केला आणि स्वतःलाच नापास केले! वाचणारा समजून घेतो हे खरे, पण समजून घेतो म्हणजे काय? 'कोणीतरी वरच्याने विचार केला असेल' एवढेच. तो कोण, हे कागद सांगत नाही.

हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न आहे असे आपण समजू नका. आंध्रात बसवाहतूक सरकारने हाती घेतली, तेव्हा खासगी बसवाल्यांचे आक्षेप सचिवाने ऐकले आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांचा हा खटला १९५० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटले की एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, तर ती सुनावणी नुसता देखावा होय. ज्याने ऐकले त्यानेच ठरवले पाहिजे. आता हे तत्त्व मनात धरून ते वाक्य पुन्हा वाचा. 'द मॅनेजर, हॅविंग हर्ड द वर्कमन, डिसमिस्ड हिम,' असे लिहिले तर ऐकणारा व काढणारा एकच आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःवर बांधून घेतले. उद्या आपण विचारू शकतो, साहेब, चौकशीच्या दिवशी आपण सुरतेला होता ना? पण 'हॅविंग हर्ड द वर्कमन, ही वॉज डिसमिस्ड' असे लिहिले, तर 'ही' म्हणजे कामगार. त्याने स्वतःलाच ऐकले आणि तो काढला गेला. ऐकणाऱ्याने आपली मान सोडवून घेतली. काही ठिकाणी हे अज्ञानाने होते, काही ठिकाणी शहाणपणाने. कोणत्या ठिकाणी काय, ते ओळखायला आम्हांला फारसा वेळ लागत नाही.

मग आपल्याला हे कळावे कसे? इंग्रजी ही आपल्यापैकी बहुतेकांची तिसरी किंवा चौथी भाषा. घरी कोणी भिली बोलतो, कोणी मावची, कोणी पावरी, कोणी अहिराणी, कोणी गुजराती, शाळेत मराठी, सिनेमात हिंदी. पण हीच आपली शिदोरी आहे. मराठीत 'जाऊन', अहिराणीत 'जाईसन', गुजरातीत 'जईने', हिंदीत 'जाकर'. भारतात आर्यकुळातल्या भाषा आहेत, द्राविडकुळातल्या आहेत, त्यांचे मूळ वेगळे. तरीही हे 'करून'चे रूप दोन्हीकडे आहे, आणि कॉलिन मॅसिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात ते भारतीय भाषांच्या एकमेकींशी आलेल्या सारखेपणाच्या खुणांत धरले आहे. साहेबाला 'हॅविंग' शिकावे लागत असेल, आपण 'ऊन' आईच्या मांडीवर शिकलो.

आणि नियमही आपल्याकडचा जुना आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एकविसावे सूत्र आहे. त्याचा आशय असा की दोन क्रियांचा कर्ता एकच असेल, तर त्यांतल्या आधीच्या क्रियेला 'क्त्वा' हा प्रत्यय लावावा. कर्ता एक आणि क्रिया आधीची, या दोन अटी. गत्वा, कृत्वा, श्रुत्वा. महाराष्ट्री प्राकृतात त्याचे 'ऊण' झाले आणि आपल्या ओठांवर 'ऊन'. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात 'हॅविंग'विषयी जे पानभर लिहिलेले असते, ते पाणिनीने अडीच हजार वर्षांच्या आसपास एका ओळीत बसवले होते. (आम्ही संस्कृत शिकलेलो नाही. हे सूत्र आम्हांला एका निवृत्त शिक्षकांनी शहाद्याच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना समजावून दिले. गाडी दीड तास उशिरा आली, हे आमचे नशीब.)

तेव्हा पहिला उपाय सोपा. इंग्रजीत 'हॅविंग' लिहिण्यापूर्वी ते वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'नोटीस वाचून मी उत्तर दिले.' वाचणारा मी, उत्तर देणारा मी. इथे हॅविंग चालेल. 'माझे उत्तर मिळाल्यावर मॅनेजरने मला बोलावले.' इथे मराठीनेच 'मिळून' म्हटले नाही, 'मिळाल्यावर' म्हटले, कारण एक कर्ता उत्तर आहे आणि दुसरा मॅनेजर. असे 'ल्यावर' आले की इंग्रजीत 'आफ्टर' किंवा 'व्हेन' घ्यावे आणि कर्ता उघड लिहावा. मराठी माणसाच्या कानाला 'ऊन' आणि 'ल्यावर' यांतला फरक जन्मतः कळतो. तो कान इंग्रजी लिहिताना बंद ठेवू नये.

पण इथेच थांबलो तर आम्ही तुम्हांला फसवल्यासारखे होईल. कारण मराठी 'ऊन' पाणिनीच्या चौकटीतून जागोजाग बाहेर पडले आहे, आणि तिथे मराठी कान इंग्रजीत खड्ड्यात घालतो.

'गाव सोडून आम्हांला वीस वर्षे झाली.' उत्तम मराठी. सोडले आम्ही, झाली वर्षे. याचे शब्दशः इंग्रजी केले की 'हॅविंग लेफ्ट द व्हिलेज, ट्वेंटी इयर्स हॅव पास्ड' होते, म्हणजे वीस वर्षांनी गाव सोडले! 'घरी जाऊन मला झोप लागली.' मराठीत झोप माणसाला लागते. 'मला'मध्ये माणूस आहे, म्हणून आपल्याला खटकत नाही. इंग्रजीला असा 'मला' कर्त्याच्या जागी चालत नाही. तिथे 'आय फेल अस्लीप' असेच म्हटले पाहिजे. मला वाटले, मला कळले, मला ताप आला, मला राग आला, ही आपली जी मोठी फौज आहे, ती इंग्रजीत नेताना प्रत्येक वेळी 'मला'चा 'आय' करावा लागतो. आजारपणाच्या रजेच्या अर्जात नेमके हेच वाक्य येते. 'हॅविंग कम होम, फीवर केम टू मी.' ताप घरी आला, माणूस कुठे गेला कोण जाणे.

'भिंत पडून दोन मजूर जखमी झाले.' इथे तर दोन उघड कर्ते आहेत, भिंत आणि मजूर, आणि तरी मराठी 'पडून' म्हणते. कारण सांगायचे असले की मराठी ही सूट घेते. पाऊस पडून पीक वाचले, तार तुटून वीज गेली, टायर फुटून गाडी उलटली, असे आपण रोज बोलतो. इंग्रजीत 'हॅविंग कोलॅप्स्ड, टू वर्कर्स वेअर इन्जर्ड' असे लिहिले तर कोसळले ते मजूर. कारकुनाच्या हातून असा अहवाल गेला की पुढचा वाचणारा म्हणतो, चक्कर येऊन पडले असतील, कडक ऊन होते! भिंत वाक्यातून गेली की ती बांधणारा ठेकेदारही गेला. इंग्रजीत याला वाट आहे. कर्ता आधी ठेवून 'द वॉल हॅविंग कोलॅप्स्ड' असे म्हणता येते. संस्कृत शिकलेले लोक याला सति सप्तमीचा भाऊ म्हणतील. वाक्य जरा पगडी घातल्यासारखे दिसते, पण चूक नाही. आमचा सल्ला विचाराल तर सरळ 'द वॉल कोलॅप्स्ड अँड इन्जर्ड टू वर्कर्स' लिहावे. अपघाताच्या अहवालात जितकी कमी शोभा तितके बरे.

अपघातावरून दुसरी अट आली, आधीपणाची. एका जिनिंगमध्ये रोलरमध्ये अडकलेला कापूस काढताना एका मजुराची दोन बोटे गेली. त्याने जबाबात अहिराणीत सांगितले की मशीन 'बंद करीसन' तो कापूस काढत होता, तेवढ्यात कोणीतरी बटण दाबले. हजेरीच्या कारकुनाने मराठीत लिहून घेतले, 'बंद करून'. इंग्रजी अहवालात ते झाले 'स्टॉपिंग द मशीन, ही पुट हिज हँड इन द रोलर.' आता 'स्टॉपिंग' या नुसत्या रूपाचा अर्थ 'बंद करून' असाही होऊ शकतो आणि 'बंद करता करता' असाही. इंग्रजीत दोन्ही चालतात. पुढच्या शब्दांवरून समजून घ्यायचे. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात तरतूद होती की कामगाराने सुरक्षेचा नियम किंवा हुकूम जाणूनबुजून मोडला असेल, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतीत मालकाची जबाबदारी टळू शकते. दोन बोटे म्हणजे पूर्ण अपंगत्व नव्हे. समोरच्या वकिलाने 'स्टॉपिंग' धरले आणि म्हटले, पाहा, मशीन पुरते थांबले नव्हते, चालत्या यंत्रात हात घातला. 'हॅविंग स्टॉप्ड' असते तर हा मुद्दा काढायलाच जागा नव्हती. मूळ मराठी जबाब सापडला, त्यात 'बंद करून' स्पष्ट होते, म्हणून निभावले. दोन बोटांची किंमत त्या दिवशी 'करून' आणि 'करता' यांच्यामध्ये लोंबकळत होती.

तेव्हा जिथे एक गोष्ट पुरी होऊन मगच दुसरी झाली, आणि त्या क्रमावर काही अवलंबून आहे, तिथे 'हॅविंग' सोडू नये. जिथे क्रम उघड आहे तिथे त्याची गरज नाही. 'आफ्टर हॅविंग रिसीव्ह्ड' असे दोन्ही लावायचेही कारण नाही. कमरेला करगोटाही आणि वर पट्टाही, असा तो प्रकार आहे.

कर्मणीचा मात्र विसर पडू देऊ नका. 'हॅविंग डिसमिस्ड' म्हणजे काढून टाकून, 'हॅविंग बीन डिसमिस्ड' म्हणजे काढला गेल्यामुळे. 'हॅविंग सस्पेंडेड, आय कुड नॉट साइन द मस्टर' असे एका तरुण सभासदाने लिहिले होते. त्याने कोणाला निलंबित केले होते, असा प्रश्न साहेबांनी गमतीने विचारला. मुलाला ती गंमत वाटली नाही. आम्हांलाही वाटली नाही. एक 'बीन' घातले की मार खाणारा मार खाणाऱ्याच्या जागी येतो. नकार द्यायचा असेल तर 'नॉट' सर्वांच्या आधी लावावे, 'नॉट हॅविंग रिसीव्ह्ड'. तिसरे रूपच घ्यावे, 'हॅविंग वेंट' नव्हे, 'हॅविंग गॉन'. शब्दसमूह संपला की स्वल्पविराम, पूर्णविराम नव्हे. नाहीतर अर्धे वाक्य रस्त्यात उभे राहते. हे सर्व शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून पुढे जातो.

'आय ॲम हॅविंग फीवर' यातले हॅविंग वेगळे आहे बरे का. तिथे ते जवळ असण्याचे आहे, आणि तिथे ते नसावेच. ताप असला तर 'आय हॅव फीवर' पुरे. तसेच कायद्याच्या पुस्तकात 'हॅविंग रिगार्ड टू' असे शेकडो वेळा येते. त्याचा कर्ता शोधत बसू नका. ते आता 'लक्षात घेता' अशा अर्थाचे नुसते अव्यय झाले आहे, जसे आपले 'वरून', 'पासून', 'म्हणून'. 'म्हणून' या शब्दात आज कोण काही म्हणतो?

आता ज्या वाक्यासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे येतो. भारतात सर्वांत जास्त वाचले जाणारे 'हॅविंग' शाळांच्या भिंतींवर लिहिलेले आहे. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ते आहे. तिचा कर्ता आरंभीच येतो, आम्ही भारताचे लोक, आणि त्यालाच लागून 'हॅविंग सॉलम्नली रिझॉल्व्ह्ड' हा शब्दसमूह उभा राहतो. मग न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा मोठा विस्तार, आणि अगदी शेवटी मुख्य क्रियापदे. इतके लांब वाक्य, पण निर्धार करणारे कोण आणि घटना देणारे कोण, याविषयी तिळभर शंका राहत नाही. दोन्ही आम्हीच.

हे सहज झाले नाही. सर बेनेगल नरसिंह राव यांनी १९४७ साली जो आरंभीचा मसुदा केला, त्याच्या उद्देशिकेतही भारताचे लोकच कर्ता होते, पण रूप होते 'सीकिंग', म्हणजे सर्वांचे हित साधू पाहणारे. १९३७ च्या आयर्लंडच्या घटनेत हाच शब्द याच कामाला आहे, तिथूनच तो आला असावा. 'सीकिंग' हे चालू क्रियेचे रूप. शोध अजून चालला आहे. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने २१ फेब्रुवारी १९४८ रोजी आपला मसुदा सादर केला, त्यात 'सीकिंग'च्या जागी 'हॅविंग रिझॉल्व्ह्ड' आले. शोधत नाही, ठरवून झाले आहे. आणि इतिहासाने पाहिले तरी ते 'हॅविंग' अक्षरशः खरे होते. उद्दिष्टांचा ठराव १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी मांडला आणि घटना समितीने तो २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर केला. तो झाला निर्धार. घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. आधी निर्धार, मग स्वीकार, दोन्हींचा कर्ता एकच. पाणिनीच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत नवे शब्द घातले, पण या सांध्याला हात लावला नाही.

समजा, तिथेही आपल्या कारकुनाचे वाक्य असते. 'निर्धार करून ही घटना स्वीकारण्यात येत आहे.' कोणी निर्धार केला? कोण स्वीकारतो? शासनाने? दिल्लीने? ज्या देशात सालदाराला वर्षभर राबवून 'तुझा हिशेब झाला' असे सांगितले जायचे आणि कोणी केला ते विचारायची सोय नव्हती, तिथे पहिल्याच वाक्यात कर्ता पहिल्या जागी बसवला, याचे आम्हांला फार अगत्य वाटते. १९७२ नंतर शहाद्याकडे श्रमिक संघटनेत अंबरसिंग सुरतवंतींच्या बरोबर जे भूमिहीन उभे राहिले, त्यांतल्या कितींनी ते वाक्य वाचले असेल? पण 'आम्ही' म्हणायला ते शिकले होते.

आता त्याच उद्देशिकेची मराठी प्रत घ्या. भिंतीवर पुष्कळदा दोन्ही शेजारी असतात. इंग्रजीत शेवटी तीन क्रियापदे सारख्या मानाची आहेत, स्वीकारतो, अधिनियमित करतो आणि अर्पण करतो, 'अँड'ने जोडलेली. मराठीत पाहिले तर निर्धार 'करून' आहेच, पण पुढे अंगीकृत आणि अधिनियमित हेही 'करून'मध्ये गेले आहेत, आणि पूर्ण क्रियापद उरले आहे ते एकटे अर्पण करीत असल्याचे. मराठीने चूक केली का? मुळीच नाही. आपली भाषा क्रियांची माळ 'ऊन'ने ओवते. उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, भाकरी बांधून कामावर गेलो, असेच आपण बोलतो. त्या माळेत कोणते मणी खरोखर आधीचे आणि कोणते नुसते शेजारचे, हे ऐकणारा समजतो. उद्देशिकेतले पहिले 'करून' आधीचे आहे, तीन वर्षांपूर्वीचे. दुसरे 'करून' आधीचे नाही. स्वीकारणे, अधिनियमित करणे आणि अर्पण करणे एकाच दिवशी, एकाच सहीने झाले. इंग्रजीने पहिल्यासाठी 'हॅविंग' घेतले आणि दुसऱ्यासाठी 'अँड'.

मराठीवरून इंग्रजी करणाऱ्याने हीच निवड प्रत्येक 'ऊन'पाशी करायची असते. 'कारखान्यात जाऊन मॅनेजरला भेटून अर्ज देऊन पोच घेतली,' या वाक्याला तीन हॅविंग लावले तर ते उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरसारखे वळणार नाही. तिथे 'आय वेंट, मेट द मॅनेजर, गेव्ह हिम द ॲप्लिकेशन अँड टुक अ रिसीट' एवढेच हवे. पण 'पोच घेऊन मगच मी बाहेर पडलो,' हे सांगायचे असेल, आणि उद्या अर्ज मिळालाच नाही असे कोणी म्हणण्याचा संभव असेल, तर तिथे एक हॅविंग ठेवा आणि त्याच्यापुढे 'आय' लिहा.

ज्यांनी आपले कागद बरोबर आणले आहेत, त्यांनी ते अध्यक्षांच्या भाषणानंतर घेऊन या. आम्ही इथेच ओट्यावर बसतो. पेन्सिल आणली आहे. मूळ कागदावर खुणा करणार नाही, झेरॉक्स असेल तीच द्यावी.